इन्स्पेक्टरची गोळी आणि बाईची साक्ष



या अंकाचं संपादकीय इटलीतल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या पोलीस-मारधाडपटांवर आहे, हे वाचून काही जणी कपाळाला हात लावतील. पोटगी, रेशन, पाणी, मुलींची गळती एवढे विषय उंबऱ्यात उभे असताना हे काय भलतंच? संपादक मंडळाच्या बैठकीतही हा प्रश्न निघाला आणि तो रास्तच आहे. पण 'तारखा पुरे झाल्या, गोळी घाला एकदाची' हे वाक्य गेल्या काही वर्षांत मोर्चात सामील न होणाऱ्या लोकांकडूनच नाही, तर आपल्याच गटांच्या बैठकांतून ऐकू येऊ लागलं आहे. या एका वाक्यावर इटलीत १९७०च्या दशकात शंभराहून अधिक चित्रपट निघाले. ते लोकांना का आवडले आणि अजून का आवडतात, याचा विचार आपण नाही करायचा तर कुणी करायचा?

आधी हे चित्रपट म्हणजे काय ते सांगते. इटालियन भाषेत पोलिसाला 'पोलित्सियोत्तो' म्हणतात. त्याला एक शेपूट जोडून समीक्षकांनी या चित्रपटांना 'पोलित्सियोत्तेस्की' असं नाव दिलं, नाक मुरडून. मराठीत 'पोलिसछाप' म्हणावं तसं. नाव चिकटलं ते चिकटलंच. नायक म्हणजे एक 'कोमिसारियो', आपल्या हिशेबानं ठाण्याचा वरिष्ठ इन्स्पेक्टर. त्याला वरिष्ठ दटावतात, न्यायाधीश त्यानं पकडलेले गुंड सोडून देतात, वर्तमानपत्रं त्याला झोडपतात. तो कोट चढवतो, आल्फा रोमिओ गाडीत बसतो आणि रोम, मिलान, नेपल्स नाहीतर जेनोव्हाच्या रस्त्यावर स्वतःच निकाल लावायला निघतो. पैसा थोडा, वेळ कमी. पुष्कळदा रीतसर परवानगी न घेता खऱ्या वाहतुकीतच गाड्या दामटून चित्रण केलेलं. आवाज नंतर भरलेले, त्यामुळे ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच येतं. आणि या सगळ्याखाली गिटार-ड्रमचं असं संगीत, की पाय आपोआप ठेका धरतो.

मला हे चित्रपट आवडतात. अगदी बेतानं का होईना, पण आवडतात. मौरित्सियो मेर्ली नावाचा एक सोनेरी मिशांचा नट अशा कितीतरी चित्रपटांत इन्स्पेक्टर झाला. त्याच्या चेहऱ्यावर अभिनय फारसा नाही, राग मात्र भरपूर. मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे. आमच्याकडच्या एका बाईच्या अर्जाला चौथं वर्ष लागलं. नवरा तारखेला येत नाही, आला तर त्याचा वकील येत नाही, दोघं आले तर साहेब रजेवर. ती बाई प्रत्येक तारखेला रोजंदारी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून येते आणि पुढची तारीख पदराच्या गाठीला बांधून परत जाते. अशा दिवसाच्या रात्री मेर्ली जेव्हा एखाद्या मस्तवाल माणसाच्या कानाखाली वाजवतो, तेव्हा बरं वाटतं. या चित्रपटांची ओढ कळायला मला पुस्तकं चाळावी लागली नाहीत. थकलेल्या माणसाला ते दीड तासात निकाल देतात.

इटलीतल्या प्रेक्षकाचा थकवाही खोटा नव्हता. १२ डिसेंबर १९६९ला मिलानच्या पियात्सा फोंताना या चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटला, सतरा माणसं मेली. पोलिसांनी अराजकवाद्यांची धरपकड केली. त्यांतला जुझेप्पे पिनेल्ली नावाचा रेल्वे कामगार तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून खाली पडून मेला. तो कसा पडला यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ज्या अधिकाऱ्याला लोक जबाबदार धरत होते, त्या लुईजी कालाब्रेझीला १९७२च्या मे महिन्यात घराबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. बॉम्ब नव-फॅसिस्टांनी ठेवला होता असं पुढे न्यायालयांनी म्हटलं, पण त्या सतरा खुनांची शिक्षा शेवटी कुणावरही टिकली नाही. १९७४मध्ये ब्रेशाच्या चौकात बॉम्ब, त्याच वर्षी रेल्वेगाडीत बॉम्ब, १९७८मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरोंचं अपहरण आणि खून, १९८०मध्ये बोलोन्याच्या स्टेशनवर पंचाऐंशी मृत्यू. याशिवाय खंडणीसाठी अपहरणं, बँकांवर दरोडे आणि स्कूटरवरून येऊन बायकांच्या पर्सा ओढून पळणारी पोरं. (आपल्याकडे मंगळसूत्र ओढतात, एवढाच फरक.) अशा वेळी माणूस तिकीट काढून अंधारात बसतो आणि पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला म्हणतो, बाबा, तू तरी काहीतरी कर.

या लाटेची सुरुवात मात्र वेगळ्या सुरात झाली होती. १९७२मध्ये स्तेनो या विनोदी चित्रपटांच्या दिग्दर्शकानं 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' म्हणजे 'पोलीस आभारी आहेत' हा चित्रपट काढला. विषय गंभीर म्हणून त्यानं टोपणनाव बाजूला ठेवून स्वतःचं खरं नाव लावलं. शहरात सुटलेले गुन्हेगार एकामागून एक मारले जात आहेत. इन्स्पेक्टर शोध घेतो तेव्हा कळतं, की निवृत्त पोलिसांची एक गुप्त टोळीच हे करते आहे, आणि त्यांना नुसती गुंडांची साफसफाई नाही तर देशावर हुकूमत हवी आहे. टोळीच्या मुळाशी पोचलेल्या इन्स्पेक्टरचाच शेवटी बळी जातो. म्हणजे पहिल्याच चित्रपटानं विचारलं होतं: ज्याच्या हातात तुम्ही कायद्याबाहेरचं पिस्तूल देता, तो उद्या ते कुणावर रोखेल?

चित्रपट तुफान चालला. मागून येणाऱ्यांनी त्याचं नाव उचललं, वेग उचलला, फक्त प्रश्न तेवढा गाळला. पुढच्या नावांवरूनच ते कळतं. 'पोलीस आरोप ठेवतात, कायदा सोडून देतो' (१९७३). 'मिलान द्वेष करतं: पोलिसांना गोळी झाडता येत नाही' (१९७४). हे दुसरं नाव नीट वाचा. ते नाव नाही, मागणी आहे. २२ मे १९७५ला इटलीच्या संसदेनं एक कायदा करून पोलिसांचे शस्त्र वापरण्याचे अधिकार वाढवले, जामीन कठीण केला. त्याला मंत्र्याच्या नावावरून 'रेआले कायदा' म्हणतात. तो रद्द करावा का, यावर जून १९७८मध्ये सार्वमत झालं आणि तीन-चतुर्थांशाहून अधिक मतदारांनी 'राहू द्या' म्हटलं. चित्रपटांमुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही. रस्त्यावरची भीती दोन्हीकडे तीच होती. पण भीतीला भाषा लागते, आणि ती भाषा थिएटरात दर आठवड्याला तयार मिळत होती.

आता आपल्या मुद्द्याकडे येते. या चित्रपटांत बायका काय करतात?

मरतात, मुख्यतः. इन्स्पेक्टरची मुलगी मरते म्हणजे त्याचा राग रास्त ठरतो. 'मिलान द्वेष करतं'मध्ये जुलियो साक्की नावाचा एक भेकड, क्रूर, फुशारक्या मारणारा माणूस एका उद्योगपतीच्या मुलीला पळवतो. तोमास मिलियाननं तो इतका जिवंत केला आहे की अंगावर काटा येतो. तो वाटेत येणाऱ्या बायकांचे हाल करतो, स्वतःच्या मैत्रिणीला गाडीसकट पाण्यात बुडवून मारतो, शेवटी पळवलेल्या मुलीलाही ठार करतो. कायदा त्याला धरू शकत नाही. मग इन्स्पेक्टर एकटा जातो आणि त्याला कचऱ्याच्या ढिगावर गोळ्या घालतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात. पण दिग्दर्शक उंबेर्तो लेन्त्सीचा कॅमेरा त्या आधी तासभर त्या बायकांच्या भेदरलेल्या अंगांवरून ज्या सवडीनं फिरलेला असतो, ती सवड रागाची नसते. आधी बाईच्या हालांची मजा घ्यायची आणि मग तिच्या नावानं सूडाचीही मजा घ्यायची, असा हा दुहेरी सौदा आहे. तिकीट एकच.

लेन्त्सीचाच १९७६चा 'सशस्त्र रोम' घ्या. यात मेर्ली तान्त्सी नावाचा इन्स्पेक्टर आहे. तो संशयित माणसाला बंदुकीची गोळी गिळायला लावतो, दिसेल त्याला बदडतो. त्याची मैत्रीण मानसशास्त्र शिकलेली, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी काम करणारी. ती त्याला सांगते की मारानं मुलं सुधारत नाहीत. थोडक्यात, आपल्यातलीच एक. मग गुंड तिला उचलतात आणि गाडीत कोंडून भंगारात गाड्या चेपायच्या यंत्रात घालतात. ती कशीबशी वाचते. पण कथेनं तिला दिलेलं उत्तर स्पष्ट आहे: घे, आता बोल सुधारणेच्या गोष्टी! माझ्या व्यवसायातल्या बाईचा पडद्यावर एवढा चोख बंदोबस्त झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही. तिथे मला हसू आलं, आणि मग बराच वेळ आलं नाही.

गंमत म्हणजे बाहेरच्या इटलीत त्याच वेळी बायका न्यायव्यवस्थेच्या दारातून आत शिरत होत्या. तिथे न्यायाधीश किंवा सरकारी वकील व्हायला बायकांना १९६३पर्यंत मनाई होती. त्या वर्षी कायदा बदलला आणि १९६५मध्ये पहिल्या आठ जणी रुजू झाल्या. बायका आणि मुलांच्या प्रकरणांसाठी १९५९पासून महिला पोलिसांचं एक वेगळं दल होतं. १९८१च्या सुधारणेनं ते दल मोडून बायकांना मुख्य पोलिसांत बरोबरीनं घेतलं. मी पाहिलेल्या चित्रपटांत या महिला पोलीस औषधालासुद्धा दिसत नाहीत.

अपवाद आहेत, आणि ते पाहावेत असेच आहेत. मास्सिमो दाल्लामानोचा 'पोलीस मदत मागतात' (१९७४) हा एक. एका पोटमाळ्यावर पंधरा वर्षांच्या मुलीचं प्रेत लटकलेलं सापडतं. तपासात कळतं की शाळकरी मुलींना धंद्याला लावणारी टोळी आहे आणि गिऱ्हाइकं बडी आहेत. या तपासाची सूत्रं व्हित्तोरिया स्तोरी या सरकारी वकील बाईकडे आहेत. जोव्हान्ना राल्लीनं ही भूमिका कसलाही आवेश न आणता केली आहे. चामड्याच्या पोशाखातला मोटारसायकलवरचा मारेकरी, पाठलाग, सगळा मसाला आहे. पण चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग रक्ताचा नाही. जप्त केलेल्या टेप ऐकताना एका पोलीस अधिकाऱ्याला त्यात स्वतःच्या मुलीचा आवाज ओळखू येतो. तोपर्यंत 'त्या मुली' कुणाच्या तरी होत्या. आणि शेवटी, बड्या लोकांपर्यंत हात पोचत नाही. इथे इन्स्पेक्टर जाऊन कुणाला गोळी घालत नाही. प्रेक्षकाला सुटका मिळत नाही, आणि मला वाटतं, म्हणूनच तो चित्रपट खरा वाटतो.

दुसरा त्याहून मोठा, आणि खरं तर लाटेच्या आधीचा. एलियो पेत्रीचा 'संशयापलीकडच्या एका नागरिकाची चौकशी', १९७०. पियात्सा फोंतानाच्या स्फोटानंतर दोनच महिन्यांनी तो थिएटरात आला आणि पुढे परदेशी चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. खून-तपास शाखेचा प्रमुख, ज्याला त्याच दिवशी राजकीय शाखेची बढती मिळाली आहे, आपल्या प्रेयसीच्या घरी जातो आणि तिचा गळा चिरतो. मग शांतपणे आपल्याविरुद्धचे पुरावे मांडून ठेवतो. बोटांचे ठसे, टायचा धागा, बुटाची खूण. त्याला बघायचं आहे की आपल्यावर कुणी संशय घेतं का. कुणी घेत नाही. पुरावा त्यांच्या नाकासमोर येतो आणि ते तो बाजूला सारतात, कारण साहेब तो साहेबच. प्रेयसीनं त्याच्या पुरुषपणाची टिंगल केली होती, हे खुनामागचं एक कारण. बाकी चित्रपटभर तो लोकांना शिस्त, दडपशाही आणि संस्कृती यांवर व्याख्यानं देत असतो. जान मारिया व्होलोन्तेनं हा माणूस असा उभा केला आहे की सल्ला केंद्रात काम करणारी कुणीही त्याला लगेच ओळखेल. बाहेर करारी, घरात पोरकट, आणि आपलं कोणी वाकडं करू शकत नाही याची मनोमन खात्री. वर्दीतल्या नवऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन येणारी बाई ठाण्यात का जात नाही, हे नव्या कार्यकर्त्यांना समजवायला मला याहून चांगलं साधन माहीत नाही.

पण हे झाले अपवाद. मुख्य लाटेला इतिहासानं दिलेलं उत्तर पडद्यावर नव्हे, पडद्याबाहेर आहे.

१९७५च्या सप्टेंबरच्या शेवटी रोममधल्या बड्या वस्तीतल्या तिघा तरुणांनी रोझारिया लोपेझ आणि दोनातेल्ला कोलाझान्ती या दोन साध्या घरच्या मुलींना समुद्रकाठच्या चिर्चेओ इथल्या बंगल्यावर फिरायला नेलं. तिघेही नव-फॅसिस्ट वर्तुळातले. दीड दिवस त्यांनी मुलींवर अत्याचार केले. रोझारिया मेली. दोनातेल्लानं मेल्याचं सोंग घेतलं. दोघींना गाडीच्या डिकीत घालून ते रोमला परतले. डिकीतून ठोठावण्याचा आवाज ऐकून कुणीतरी पोलिसांना कळवलं आणि दोनातेल्ला जिवंत बाहेर आली. तिघांपैकी आंजेलो इत्सोला आधीच एका बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. ती त्याला भोगावी लागली नव्हती.

वर्षभरात या घटनेची छाया असलेले चित्रपट बाजारात आले. 'सशस्त्र रोम'मध्येही बड्या घरची पोरं एका मुलीवर अत्याचार करतात आणि तान्त्सी त्यांना तुडवतो. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असणार, मीही मनात वाजवल्या. पण दोनातेल्लाला त्या टाळ्यांचा काय उपयोग? १९७६मध्ये लातिना गावच्या न्यायालयात ती साक्षीला उभी राहिली. तिची वकील तीना लागोस्तेना बास्सी. बाहेर आणि आत बायकांची गर्दी. रोझारिया आणि दोनातेल्ला यांचं काय झालं, हे तिथे एका मुलीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पोलिसछाप चित्रपटांत नेमकं हेच कधी होत नाही. तिथे बाई प्रेत असते, ओलीस असते, किंचाळी असते. साक्षीदार नसते. तिनं काही सांगण्याच्या आत इन्स्पेक्टरला सगळं ठाऊक असतं.

दोन वर्षांनी, १९७८मध्ये, त्याच लातिनात दुसरा एक बलात्काराचा खटला उभा राहिला. नोकरी देतो म्हणून बंगल्यावर बोलावलेली अठरा वर्षांची मुलगी, चार आरोपी आणि वकील पुन्हा लागोस्तेना बास्सी. या वेळी काही बायकांनी न्यायालयात कॅमेरा नेण्याची परवानगी मिळवली. तासाभराचा हा माहितीपट, 'प्रोचेस्सो पेर स्तुप्रो' म्हणजे 'बलात्काराचा खटला', सरकारी दूरदर्शनवर २६ एप्रिल १९७९ला दाखवला गेला. त्यात पाठलाग नाही, संगीत नाही. आरोपींचे वकील त्या मुलीला काय विचारतात, एवढंच आहे. कुठे गेली होतीस, का गेली होतीस, विरोध किती केलास, भरपाईचे पैसे घे आणि मिटव. लाखो घरांत लोकांनी ते पाहिलं आणि अनेकांना पहिल्यांदा कळलं की खटल्यात आरोपी कोण आहे हेच ओळखू येत नाही.

आपल्याला हे सगळं फार ओळखीचं आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२मध्ये मथुरेवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं, कारण तिच्या अंगावर विरोधाच्या खुणा नव्हत्या. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र आणि त्यानंतरचे मोर्चे यांतून आपल्यातल्या कितीतरी संघटना जन्मल्या, १९८३चा कायदा आला. दोन्हीकडे साल तेच, प्रश्नही तोच: बाईचं बोलणं पुरावा आहे की नाही?

इटलीतल्या बायकांनी १९७९मध्ये सुमारे तीन लाख सह्या जमवून नव्या कायद्याचा मसुदा संसदेपुढे ठेवला. १९३०च्या, मुसोलिनीच्या काळातल्या दंडसंहितेत बलात्कार हा व्यक्तीविरुद्धचा नव्हे, तर 'सार्वजनिक नीतिमत्तेविरुद्धचा' गुन्हा होता. १९८१पर्यंत पीडितेशी लग्न केलं की आरोपी सुटत असे. बलात्कार हा बाईच्या देहाविरुद्धचा, म्हणजे माणसाविरुद्धचा गुन्हा ठरायला १९९६ उजाडलं. सतरा वर्षं! तोवर मेर्ली वारला होता आणि ते चित्रपट व्हिडिओच्या दुकानात धूळ खात पडले होते.

पुढे त्यांना पुन्हा चांगले दिवस आले. २००४च्या व्हेनिस महोत्सवात इटलीच्या जुन्या स्वस्त चित्रपटांचा खास विभाग ठेवला, तेव्हा टॅरँटिनोसारखा दिग्दर्शक त्यांची भलामण करायला उभा होता. आता तर नवे, स्वच्छ केलेले प्रिंट मिळतात. तरुण मुलंमुली गाड्या, कपडे आणि संगीत यांच्या प्रेमानं ते पाहतात. पाहू देत. चित्रपटावर बंदी घाला म्हणणाऱ्यांत मी नाही.

मला काळजी आहे ती पडदा सोडून रस्त्यावर आलेल्या इन्स्पेक्टरची. डिसेंबर २०१९मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेले आणि पोलिसांवर फुलं उधळली गेली. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगानं २०२२मध्ये सांगितलं की गोळ्या जाणूनबुजून, ठार मारण्यासाठीच झाडल्या होत्या. २३ सप्टेंबर २०२४ला बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्यांच्या प्रकरणातला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये मारला गेला आणि 'बदला पुरा' असे फलक झळकले. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं. आमच्या गटानं चौकशीच्या मागणीचं पत्रक काढायचं ठरवलं, तेव्हा वस्तीतल्या एका जुन्या ताईंनी सही करायला नकार दिला. त्यांनी त्या दिवशी पेढे वाटले होते. मला म्हणाल्या, "तुमच्या कोर्टात चार वर्षांच्या पोरीला किती वेळा सांगायला लावाल?" त्यांना भाबडं किंवा मागास म्हणून चालणार नाही. तो प्रश्न खराच आहे. पोक्सो कायद्यात मुलीला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नये असं लिहिलं आहे, आणि न्यायालयांच्या आवारात काय होतं ते आपण रोज पाहतो.

माझं म्हणणं त्यांच्यापुढे मी इतकंच ठेवलं. व्हॅनमध्ये आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. मग तक्रार घ्यायला कुणी किती वेळ लावला, शाळेत कुणी काय झाकलं, आणखी कुणाला काय माहीत होतं, हे त्या खटल्यात सांगायची वेळच कुणावर येत नाही. एक माणूस मेला आणि बाकी सगळे सुटले, असंही होऊ शकतं. स्तेनोच्या चित्रपटातली ती निवृत्त मंडळी नेमकी याचसाठी माणसं मारत होती.

यावर इत्सोची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी ती माझ्या बाजूची वाटत नसली तरी. त्याला जन्मठेप झाली. पण तो सुधारला आहे असं मानून त्याला दिवसा बाहेर काम करायची सवलत दिली गेली, आणि एप्रिल २००५मध्ये त्यानं आणखी दोघींना, एका आईला आणि तिच्या कोवळ्या मुलीला, मारलं. ताई लगेच म्हणाल्या, "बघा! तेव्हाच उडवला असता तर?" खरंय, त्या दोघी वाचल्या असत्या. पण तेव्हा त्याला उडवणार कोण होतं? पडद्यावरच्या इन्स्पेक्टरनं कचऱ्याच्या ढिगावर मारला तो साक्की फाटका, बेकार माणूस होता. बड्या घरच्या पोरांना तान्त्सीनंही चोपच दिला. इत्सोच्या साथीदारांपैकी एक तर शिक्षा होऊनही कधीच हाती लागला नाही. आणि २००५ची ती सवलत कायद्यात दात नव्हते म्हणून मिळाली नाही. एका खुनी माणसाच्या गोड बोलण्यावर न्यायाधीशांनी विश्वास ठेवला म्हणून मिळाली. दोनातेल्ला त्याच वर्षाच्या अखेरीस आजारानं वारली. ती सत्तेचाळीस वर्षांची होती. तीस वर्षं ती त्या खटल्याबद्दल बोलत राहिली होती.

ताईंनी ऐकून घेतलं. सही अजून केलेली नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

पुढच्या शिबिरात एका रात्री आम्ही पेत्रीचा चित्रपट आणि दुसऱ्या रात्री 'प्रोचेस्सो पेर स्तुप्रो' दाखवणार आहोत. मराठी अक्षरं पडद्यावर येणार नाहीत. दोघी जणी आळीपाळीनं मराठीत वाचून दाखवतील, वकिलांचे प्रश्न एक आणि त्या मुलीची उत्तरं दुसरी. वाचनाची प्रत तयार होते आहे. ज्या गटांना ती हवी असेल त्यांनी दोन आठवडे आधी कळवावं, आणि शक्य झालं तर पेढे वाटणाऱ्या मैत्रिणींनाही बरोबर आणावं.